पकड

"आटे जुळतील, पण लेथ जुनं आहे. या अडॅप्टरातून हवा शिरणारच," दुकानदाराने बजावलं. "पंप बंद केलात की वाडगा लगेच पडेल."

वडिलांच्या लाकूड कातायच्या लेथवर पंपाची नळी जोडणारा दुसरा अडॅप्टर बसतच नव्हता. कुमुदिनीने तोच घेतला. त्यांचा शेवटचा लाकडी वाडगा बुडाशी ओबडधोबड राहिला होता. धाप लागून त्यांनी पटाशी खाली ठेवली, ती कायमची. लेक तेव्हा परगावी होती.

पंपाने हवा ओढली, वाडगा लेथच्या फिरत्या तबकडीला घट्ट चिकटला. तिने बूड गुळगुळीत केलं, पंप बंद केला आणि खाली ओंजळ धरली.

वाडगा पडला नाही. बंद पंपातून ओळखीची धाप ऐकू येत होती.

"पुरा झाला हो बाबा," ती कशीबशी म्हणाली. "सोडा आता."

वाडगा अलगद ओंजळीत उतरला. धाप थांबली.

या वेळी मात्र लेक जवळ होती.