हिरवं पाकीट

यंत्राचा निळा दिवा अकराव्यांदा लुकलुकला आणि अकराव्यांदा विझला. लुओ बोशुन गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे पाहत राहिला. शिन्चूच्या चिप-कारखान्यात माझ्या हाताखालच्या एकेका यंत्राच्या किमतीत तुमची ही अख्खी गल्ली विकत येईल, असं त्याने तासाभरापूर्वी जेवताना सांगितलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं होतं. आता खोलीतला दमटपणा शोषणारं एक डबडं त्याला घरच्या वायफायला जोडता येत नव्हतं.

मागे खुर्चीत जिएन मास्तर बसले होते. बोशुनला जिच्याशी लग्न करायचं होतं त्या पेइरोंगचे वडील. चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि अजूनही समोर येईल त्याला नापास व्हायच्या बेतातला विद्यार्थी समजणारे. पेइरोंगला सांगून आलेल्या आधीच्या मुलाच्या आईने जन्मवेळ विचारली, पत्रिका जुळवून पाहू म्हणाली. मास्तरांनी मायलेकांना चहा संपायच्या आत जिना दाखवला. घरात देव्हाराही नव्हता. पूजेत ठेवायच्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्या त्यांनी कधीच धाकट्या भावाच्या गळ्यात मारल्या होत्या.

पेइरोंगने बोशुनला बजावून आणलं होतं. बाबांसमोर ग्रहगोल, देवधर्म, शकुन यांतलं काही तोंडातून काढायचं नाही. आणि निघताना बाबा 'छत्री विसरू नका' म्हणाले, तर समजायचं की पुन्हा बोलावणं येणार नाही. म्हणून मास्तरांनी कारखान्यात अंधश्रद्धा किती असं विचारल्यावर बोशुनने छाती काढून सांगितलं, "शून्य, सर."

ही शुद्ध थाप होती. त्याच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुरीत खाऊचं एक हिरवं पाकीट बसलेलं असे. पाकिटावर छापलेल्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. लहान मुलाला खाऊ देऊन म्हणतात, तसंच ते यंत्रालाही. पाकीट हिरवंच हवं, कारण हिरवा दिवा म्हणजे काम सुरळीत. ते फोडायचं नाही. आणि तारीख उलटली की त्याचा गुण गेला. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला तिथला साहेब ही पाकिटं स्वतः बदलत असे, तेही गंभीर चेहऱ्याने.

बोशुनने पासवर्ड चार वेळा टाकला. राउटर भिंतीवरच्या बटणाने बंद करून चालू केला. दोन बटणं एकदम दाबून यंत्राची सगळी स्मृती पुसली. फोनमधलं अॅप काढून पुन्हा घातलं. यंत्र चालत होतं, ओल शोषत होतं, फक्त वायफायला ओळख देत नव्हतं. पेइरोंगच्या आईने पेरूच्या फोडी आणून ठेवल्या आणि बिचारीने समजूत घातली की मार्चपर्यंत अगदी छान चालायचं, बाहेरगावाहूनही फोनवरून चालू करता यायचं, मग काय झालं कोण जाणे. कीलुंगच्या बारमाही पावसाळी हवेत मास्तरांच्या पुस्तकांना बुरशी धरायला लागली होती.

"राउटर जुना आहे, सर," बोशुन म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मास्तर म्हणाले.

घरात देव असते तर पेइरोंगने स्वयंपाकघरात ते पाण्यात घालून ठेवले असते. बोशुन उठला आणि खालून एक वायर घेऊन येतो म्हणाला. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"छत्री विसरू नका."

 बोशुन जिना उतरला, कोपऱ्यावरच्या दुकानात शिरला आणि वायरींच्या रांगेसमोरून थेट खाऊच्या फळीकडे गेला. आपण काय करतोय हे त्याला चांगलं कळत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. पेइरोंग हातची जाणार, ही भीती लाजेपेक्षा मोठी होती. पिवळी आणि लाल पाकिटं बाजूला सारून त्याने हिरवं उचललं, तारीख पाहिली, पुढच्या जानेवारीची होती. पाकीट शर्टात कोंबून तो वर आला.

खोलीत कुणी नव्हतं. राउटर सगळ्यांत वरच्या फळीवर, भौतिकशास्त्राच्या जाड ग्रंथांच्या आडोशाला होता. बोशुन स्टुलावर चढला, एका हातात पाकीट धरलं आणि दुसरा हात ग्रंथांच्या मागे घातला. तिथे काहीतरी कुरकुरलं. त्याने ते बाहेर ओढलं. बोटभर धूळ बसली होती. धुळीखाली हिरवा रंग होता. पाकीट फोडलेलं नव्हतं.

दार वाजलं. मास्तर आत आले आणि जागीच थांबले. स्टुलावर होणारा जावई उभा, दोन्ही हातांत एकेक पाकीट. बोशुनला छत्री आठवली, पेइरोंगचा चेहरा आठवला.

मास्तरांनी आधी मागचं दार नीट लावून घेतलं. मग चष्मा कपाळावर सरकवला, धुळीचं पाकीट बोशुनच्या हातातून घेतलं, न शोधता बरोबर मागच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि तारीख डोळ्यांजवळ नेली.

"मार्च. तरीच," ते पुटपुटले. मग त्यांनी स्वयंपाकघराचा कानोसा घेतला आणि स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "नवीन ठेवा, जावईबापू. पाकिटावरचं नाव राउटरकडे करून. आणि या वेळी तारीख लिहून ठेवू कुठेतरी."