तुमच्या आवडीवर आहे

“हे एकतिसावं, काका,” विक्रेती मोठ्याने म्हणाली आणि कानाचं आणखी एक मशीन तिने काचेवर ठेवलं. कानामागे बसणारी, कानात दडणारी, फोनला जोडता येणारी, सगळ्या तऱ्हा मांडून झाल्या होत्या. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, नखाएवढ्या वस्तूंची पारख असलेला माणूस. पण इथे नजर एकावर ठरेना.

“घरी हिचा आवाज बसत चाललाय,” ते म्हणाले. “घशाचं दुखणं आहे. जेमतेम पुटपुटते. डॉक्टर म्हणतात, तेवढंही फार दिवस राहणार नाही.”

“अरेरे,” ती म्हणाली आणि पुढचा डबा उघडला.

“तुम्ही माझ्या जागी असता तर कोणतं घेतलं असतं?”

तिच्या मनात एक होतं. साधं, एका बटणाचं. पण मालकाची ताकीद होती, गिऱ्हाइकाला सगळं दाखवायचं, आपण काही सुचवायचं नाही. उद्या बिनसलं तर खापर आपल्यावर फुटतं.

“सगळीच चांगली आहेत, काका. तुमच्या आवडीवर आहे.”

काका माहितीपत्रकं घेऊन गेले. आठवड्याने आले ते वहीत रकाने आखून. बॅटरी, वजन, हमी. तिने उत्साहाने चार नवी मॉडेल्स दाखवली. काकांनी वहीत चार ओळी वाढवल्या. “घेतलं आणि दुसरंच बरं निघालं तर? एकदाच काय ते नीट घेऊ.” तिसऱ्या खेपेलाही ते रिकाम्या हाताने परतले. दुकानातून त्यांच्या घरी फोन मात्र जात राहिले. अजून नवी आलीत, बघून जा.

महिनाभर काका फिरकले नाहीत. मग एका दुपारी दारात दिसले. तिला राहवलं नाही. मालक समोर बसलेले असताना तिने ते साधं मशीन काढलं आणि काकांच्या हातावर ठेवलं.

“बाकीची सगळी विसरा, काका. हेच घ्या. अगदी हळू बोललेलंही ऐकू येईल.”

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच काचेवर ठेवलं.

“आता घरी फोन करू नका, एवढंच सांगायला आलो होतो. ही गेली.”

तिने मशीन परत डब्यात ठेवायला घेतलं. काका बोलत राहिले.

“शेवटचे दोन दिवस सारखी काहीतरी सांगत होती. मला वाटलं, पाणी मागतेय. मी आपला चमच्याने पाणी पाजत राहिलो. घोट घ्यायची आणि पुन्हा तेच. लेक शेवटच्या घटकेला उशाशी पोचली, तिने ऐकलं आणि नंतर सांगितलं. म्हणत होती, ‘अहो, कुठलंही घ्या, पण आजच घ्या.’”