आत्याचा पट्टा

बारशाला जमलेल्या बायकांनी खुर्चीत बसवून लाल पट्ट्यानं करकचून बांधलं, तेव्हा वेदवती वैतागलीच. "अगं, भाचीच्या कानात नाव सांगायला आलेय मी, पळून नाही चालले!"

"वन्सं, आमच्या माहेरची रीतच आहे," वहिनी म्हणाली.

पाळण्यापाशी बसलेले वहिनीचे आजोबा खुदकन हसले. "माझं बारसं अंतराळस्थानकात झालं, पोरी. तिथं वजन कुणाला? आत्या कानात नाव सांगत होती, तेवढ्यात कुणीतरी घाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. गेली तरंगत थेट स्वयंपाकघरात!"

"आणि नाव?"

"पुरुषोत्तम ठेवायचं होतं."

बारशाच्या पत्रिकेवर आजोबांचं नाव नुसतं 'पुरु' होतं. वेदवतीनं मुकाट्यानं पट्टा आणखी आवळून घेतला.