आर्विडचं ठरत नाही

मोजणी तिसऱ्यांदा झाली आणि तिसऱ्यांदाही दोन्ही बाजूंची डोकी सारखीच भरली. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे गावातल्या सभासदांनी आज असंच ठरवायचं होतं: ज्याला जो हवा, त्याने त्याच्या भिंतीला उभं राहायचं. शाळेच्या जिममध्ये पूर्वेच्या भिंतीला सिनेटरबाईंची माणसं उभी होती, पश्चिमेच्या भिंतीला गव्हर्नरची. मधल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. त्यातल्या एकीवर आर्विड लुंडे तेवढा बसून होता. अंगात कोट, मांडीवर टोपी. त्याचं अजून काही ठरलं नव्हतं.

पूर्वेच्या भिंतीपाशी सर्वांत पुढे मारिट ट्वेट उभी होती. सिनेटरबाईंच्या बाजूची प्रमुख तीच. आर्विड तिचा सख्खा धाकटा भाऊ. म्हाताऱ्या आईला मारिटने वृद्धाश्रमात ठेवलं आणि आई तिथेच गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे जेवत असताना आर्विड म्हणाला होता, "स्वतःच्या घरात मरूपण दिलं नाहीस तिला." मारिटने हातातली बशी खाली ठेवली आणि ती निघून गेली. त्यानंतर कित्येक वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्याचा फोन आला की ठेवून द्यायची. दुकानात तो दिसला की मागच्या मागे वळायची.

त्यात आर्विड दुसऱ्या पक्षाचा. दर निवडणुकीला त्याच्या मक्याच्या शेतात त्या पक्षाचा फलक लागायचा, कोठाराच्या दाराएवढा. आज मात्र तो दारातच पक्ष बदलून आत आला होता. तशी मुभा होती. मारिटच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा घोळ घालायला आलाय. आपल्या पक्षाचा कच्चा उमेदवार पुढे काढायचा, म्हणजे नोव्हेंबरातल्या खऱ्या निवडणुकीत याच्या पक्षाचं काम सोपं.

वादावादी तोवर पुष्कळ झाली होती. गव्हर्नरवाले म्हणत होते, बाई जिंकणार नाहीत. बाईवाले म्हणत होते, गव्हर्नर जिंकून तरी काय उजेड पाडणार? ओल्सन नवरा-बायको समोरासमोरच्या भिंतींना उभे होते आणि गाडीची किल्ली बायकोकडे होती.

"एकेका बाजूच्या प्रमुखाने जाऊन त्याला समजवावं," सभा चालवणाऱ्या लोरेटा कॅम्प म्हणाल्या. त्या जुन्या मुख्याध्यापिका. इथल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलं होतं. "प्रमुखानेच. इतरांनी जागा सोडायची नाही. नाहीतर नाणं उडवावं लागेल आणि मला ते आवडत नाही."

आधी गव्हर्नरचे प्रमुख, दातांचे डॉक्टर प्रूइट गेले.

"आर्विड, तुम्हाला जिंकणारा माणूस हवाय ना?"

"कुणाला नको असतो?"

"मग गव्हर्नर. सरळ गोष्ट आहे."

"माझी दाढ काढतानाही तुम्ही असंच म्हणाला होतात."

डॉक्टर परत आपल्या भिंतीला गेले.

"दुसऱ्या कुणाला तरी पाठवा," मारिट कुजबुजली.

"तुझाच तर भाऊ आहे!" मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच म्हणतेय."

"मारिट," लोरेटाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मारिट निघाली.

ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "सिनेटरबाई औषधांचे भाव खाली आणणार आहेत."

"कसे काय?"

तिने सांगितलं.

"इन्सुलिनचेपण?"

"आधी इन्सुलिनचेच."

"बरं. आणि मक्याचं?"

तिने मक्याचं सांगितलं. मग त्याने नदीवरच्या पुलाचं विचारलं, मग पोस्ट बंद होणार त्याचं, मग युद्धाचं. मारिटचं पाठांतर चोख होतं. बोलता बोलता तिची नजर घड्याळावरून खाली आली. आर्विड वाळला होता. भुवया पार पांढऱ्या झाल्या होत्या, थेट वडिलांसारख्या.

"गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"बरा आहे. जिना चढता येतो आता." बोलून गेल्यावर तिने ओठ मिटले.

"ऑपरेशनचं कळलं होतं मला. फोन केला होता."

"माहितीये."

पश्चिमेच्या भिंतीकडून कुणीतरी खाकरलं.

"रस्त्यांचं राहिलं," आर्विड म्हणाला. "रस्त्यांबद्दल काय म्हणणं आहे बाईंचं?"

मारिटने रस्त्यांबद्दलचं म्हणणं सांगितलं. ते लांबलचक होतं. आर्विडने मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि मग शाळांचं विचारलं. तेव्हा मात्र तिचा धीर सुटला.

"तुला यातलं काही पटतंय का? की नुसता छळ मांडलायस?"

"पटलंय की. औषधांपाशीच पटलं होतं."

"मग ऊठ ना! सगळे खोळंबलेत तुझ्यापायी."

आर्विड टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला.

"उठलो की तू परत जाशील," तो म्हणाला. "इथे तुला माझ्याशी बोलावंच लागतं. म्हणून तर आलो."



"मारिट!" लोरेटाबाईंनी तिकडून हाक मारली. "ठरलं का त्याचं?"

मारिटने शेजारची खुर्ची ओढली आणि ती बसली.

"नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्याला अजून बराच वेळ लागणार आहे."