मंडपातली पावरी

"हाऊ पावरीना आवाज नही शे, पोरी. हाऊ मच्छर शे," रतिलालभाऊ म्हणाले.

भाविकाने गिटारच्या पाठीवरचं झाकण पुन्हा उघडलं. धुळ्यातल्या त्यांच्या अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात ती गिटारमधून पावरीचा आवाज काढायला सकाळपासून ठाण मांडून बसली होती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली दोन पिकअप असतात. तारेची थरथर पकडून ते स्पीकरकडे पाठवतात. त्यातल्या एकाच्या दोन्ही वायरी तिने उलट जोडल्या होत्या. त्यामुळे दोघांचे आवाज एकमेकांना कापत होते आणि उरत होता तो बारीक, नाकातला आवाज. नाक आलं होतं, पण छाती पार गेली होती.

पावरी हे सातपुड्यातलं फुंकवाद्य. हल्ली बँडवाले तोच आवाज कीबोर्डवर काढतात आणि त्यावर सगळा खानदेश नाचतो. खानदेशातली वरात मंडपात पोचते हे नक्की. कधी पोचते, हे घोडीवरच्या नवरदेवालाही सांगता येत नाही. पावरी चौकात असेल तर वरात चौकात. मुहूर्त बिचारा ताटकळत बसतो.

भाविकाच्या थोरल्या बहिणीच्या, मोहिनीच्या लग्नात हेच झालं होतं. गोरज मुहूर्त टळून गेला तरी वरात हलेना. आजोबा सुकदेवनाना खुर्चीत वाट बघत बसले आणि बसल्याबसल्या झोपी गेले. त्यांना उचलून घरी नेलं. सकाळी उठले तेव्हा अक्षता तशाच मुठीत होत्या. भाविकाला ते फार लागलं.

आता घरात पुन्हा लग्न होतं. नाना आणखी थकले होते. दिवेलागणीला अंथरुणावर पाठ टेकायची, अशी डॉक्टरांची ताकीद होती आणि मुहूर्त त्याच्या जरा आधीचा होता. दुकानात यायला निघताना त्यांनी तिला जवळ बोलावून घेतलं होतं.

"या बखत तरी माले अक्षता टाकाले भेटी ना व पोरी?"

"भेटी, नाना. मी शे ना."

बोलायला बोलून गेली होती. आता ते निभावायचं होतं.

जाड सूर कापले जाऊ नयेत म्हणून तिने उलट्या पिकअपच्या वायरीत एक छोटा कपॅसिटर घातला, सोल्डर थंड होऊ दिलं आणि तार छेडली. आवाज नाकातलाच होता, पण आता त्याला दमही होता. रतिलालभाऊंचा पाय टेबलाखाली ठेका धरून बसला होता. भाविका खुदकन हसली.

लग्नाच्या दिवशी रतिलालभाऊंनी मंडपाजवळच्या कडुलिंबावर दोन कर्णे बांधले, तोंडं चौकाकडे करून. रत्ना, भाविकाची चुलत बहीण, दोघी एका वयाच्या. रत्नाने नवरीच्या खोलीत बसायचं आणि भाविकाने मंचाच्या पडद्यामागे बसून वाजवायचं, असं दोघींचं ठरलं होतं. आदल्या दिवसापासून लग्नघरात इतकी धांदल होती, की नवरीला काय हवं-नको ते विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

एरंडोलकडची वरात मारुतीच्या देवळाहून वेळेवर निघाली आणि चौकात येऊन रुतली. बँडने पावरी धरली. काका नाचले, मामा नाचले, गुडघे दुखतात म्हणून जीपमधून आलेल्या आत्याही नाचल्या. घोडीवर नवरदेव हितेंद्र मुंडावळ्यांतून मंडपाकडे बघत होता. तिथे पहिल्या खुर्चीत नाना मुठीत अक्षता घेऊन बसले होते. त्यांची मान हळूहळू खाली येऊ लागली होती.

नवरीच्या खोलीत रत्ना डोक्यावरून पदर ओढून, कपाळाला मुंडावळ्या लावून बसली होती. बायका डोकावत, नवरी किती लाजते म्हणत आणि परत वरात बघायला पळत.

पडद्यामागे भाविकाने फट करून बघितलं. नानांचे डोळे मिटत होते. तिने पदर कमरेला खोचला. हातावरची मेंदी थेट कोपरापर्यंत होती आणि बांगड्यांनी मनगट जड झालं होतं. त्या तिने वर सारल्या आणि वाट बघत राहिली.

बँडवाला पाणी प्यायला थांबला. त्याच क्षणी लिंबावरून पावरी वाजली.

चौकातले पाय हवेतच राहिले. बँडवाल्याने पाण्याचा तांब्या तोंडाशी धरून आपल्या कीबोर्डकडे बघितलं. सूर तोच होता, चाल मात्र जलद होती आणि आवाज मंडपाकडून येत होता. आत्या आधी वळल्या. मग मामा. बघता बघता अख्खी वरात नाचत नाचत मंडपाकडे धावली आणि घोडीही मागे निघाली. कोण वाजवतंय, असं जो तो विचारत होता. हितेंद्रने कोणाला काहीच विचारलं नाही. तो एकटाच गालात हसत होता.

मुहूर्ताला अजून वेळ होता आणि नवरदेव पाटावर उभा होता. असं कधी झाल्याचं गावात कोणाच्या आठवणीत नव्हतं. नानांची मान ताठ झाली. ते काठी टेकून उठले.

"उनी का वरात?" त्यांनी विचारलं आणि मूठ घट्ट केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अंतरपाट धरला गेला. भटजींनी नवरीला आणायला सांगितलं. रत्ना हार घेऊन खोलीतून निघाली. पाटाकडे न जाता ती सरळ पडद्यामागे शिरली. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, हार भाविकाच्या हातात दिला, तिच्या गळ्यातली गिटार काढून आपल्या गळ्यात घातली आणि कपाळावरच्या मुंडावळ्या सोडून तिच्या कपाळाला बांधत म्हणाली, "चाल, तुना नवरदेव उभा शे."