चार दिवसांची रीत

या वेळीही जेमतेम एक दिवस. तोही नावापुरता, दोन-चार डाग. दुसऱ्या दिवशी सकाळी जागृती बाथरूममधून बाहेर आली आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा माडीवर जाऊन बसली. पाळी थांबली हे सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर हातचे तीन दिवस गेले असते.

सारसोळ्यातल्या त्या घरात पाळीचे चार दिवस म्हणजे चार दिवस. शेगडीला हात लावायचा नाही, देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही, माडीवरच्या खोलीत एकटीने बसायचं. लग्नाला आठवडा झाला नाही तोच सासूबाईंनी, विमलबाईंनी, तिला बजावलं होतं. "आपल्या घरानची रीत हाय," एवढंच. जागृतीचं माहेर खारघरचं, आई शिक्षिका. तिथे असलं काही कुणी पाळलं नव्हतं. पहिल्या महिन्यात ती उशीत तोंड खुपसून रडली. दुसऱ्या महिन्यात पुस्तकं वर घेऊन गेली.

कारण खाली अभ्यास होणं शक्यच नव्हतं. सासरे कमळाकर गावातलं बडं प्रस्थ. होड्यांच्या भांडणापासून बारशाच्या आमंत्रणापर्यंत सगळं त्यांच्या ओट्यावर यायचं आणि चहाचं आधण दिवसभर उतरायचं नाही. सुनेच्या हातात पुस्तक दिसलं की ते म्हणत, "सरकार काय तुझ्यासाठी खुर्ची पुसून बसलाय?" त्या चार दिवसांत मात्र ते जिन्याशी घुटमळायचे, "कसली एकेकाची रीत," असं पुटपुटायचे आणि परत फिरायचे. हाक मारायचे नाहीत. नवरा प्रीतम म्हणे, "बायकांच्या गोष्टीत मी पडत नाय."

या चार-चार दिवसांच्या जोरावर ती एमपीएससीची पूर्व परीक्षा पास झाली होती. मुख्य परीक्षा दीड महिन्यावर आली होती आणि नेमका आताच पाळीने दगा दिला होता. पाच महिन्यांत चार दिवसांचं एकावर आलं. वजन उतरत होतं, झोप उडाली होती, लिहिताना पेन थरथरायचं, उगाच छाती धडधडायची. परीक्षेचं टेन्शन, दुसरं काय, असं ती मनाला सांगायची. डॉक्टरकडे जायचं तर सासूबाईंना सांगावं लागणार, आणि सांगितलं की माडी गेली.

दुपारी विमलबाई ताट घेऊन वर आल्या. ताट टेबलावर ठेवलं आणि त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. बांगड्या घसरत कोपराकडे गेल्या.

"पॅडचा पुडा चार महिने पुरतोय तुला," त्या म्हणाल्या. "एका दिसानच थांबतंय ना?"

जागृतीने मान हलवली.

"जेव नि साडी बदल. डॉक्टरीनकडं जायाचं."

नेरूळच्या डॉक्टर सुचिता यांनी आधी गर्भ राहिलाय का ते तपासलं. तसं काही नव्हतं. मग त्यांनी विमलबाईंना समजावलं. काही बायकांची पाळी मुळातच कमी असते, त्यात वावगं काही नाही. पण चार दिवसांची एकावर आली तर कारण शोधायला हवं. गर्भनिरोधक गोळ्या असतील, गर्भाशयात बसवलेलं साधन असेल, झपाट्याने उतरलेलं वजन, मनावरचा ताण, अंडाशयाची तक्रार. कधी पिशवी साफ केल्यावर आत व्रण राहतो. कधी थायरॉईड.

विमलबाई कोळंबी निवडावी तसा एकेक शब्द निवडून घेत होत्या. मग म्हणाल्या, "हात थरथरते तिचा. रातची झोपत नाय. पोटभर जेवते नि तरी सुकत चाललीय. छातीवर हात ठेवून जिना चढते."

जागृती बघतच राहिली. जे तिने स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं ते या चौथी शिकलेल्या बाईने महिनोन्‌महिने टिपून ठेवलं होतं, आणि आता डॉक्टरांपुढे मुद्देसूद मांडलं होतं. आपल्या आईच्याही हे लक्षात आलं नसतं, असं तिला वाटून गेलं.

दोन दिवसांनी दोघी रिपोर्ट घ्यायला पुन्हा गेल्या. थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करत होतं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांत वजन आणि पाळी दोन्ही रुळावर येतील, डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत.

परतताना रिक्षात जागृतीला राहवेना. "आई, मी खोटं बसत होते. एका दिवसात थांबायचं. बाकीचे तीन दिवस मी नुसता अभ्यास करायचे."

विमलबाई बाहेर बघत होत्या. "थांबला म्हनून काय झाला? रीत चार दिसांची हाय. चार दिस बसायचा."

जागृतीने त्यांचा खरखरीत हात हातात घेतला. मनातून तिला थोडं वाईटही वाटलं. इतकी चाणाक्ष, इतकी मायेची बाई, पण असल्या जुनाट गोष्टीपुढे तिचंही काही चालत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढच्या महिन्यातही पाळी दीड दिवसात आटोपली. ती नेमाने माडीवर बसली. परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि हात आता स्थिर होता. तिसऱ्या दिवशी दुपारी नणंद, क्रांती, उरणहून न कळवता आली आणि थेट वर चढली. एरवी ती फक्त सणावारी यायची.

"वहिनी, वर काय करता? बरा नाय काय?"

"बाजूला बसलेय. तिसरा दिवस." जागृती हसली. "तुमच्या घरची रीत फार कडक हो. आई एक दिवसही सोडत नाहीत."

क्रांती पलंगाच्या कडेला टेकली. "आमच्या घरची?" ती म्हणाली. "वहिनी, आई पाळी असली तरी डोक्यावर पाटी घेऊन मासली विकायला जायची. मला कदी कोनी एक दिस बाजूला बसवला नाय. बाबा आता कुरकुरले की आईच त्यांना गप करते. म्हनते, ही सुनेच्या माहेरची रीत हाय, आपुन मोडायची नाय."