अकोंगचा शिक्का

शिक्का लाल शाईत बुडवून तयार होता. कागदावर उमटवायचा तेवढा बाकी. इथं सहीच्या जागी शिक्काच चालतो. त्यावर नाव अकोंगचं, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या आजोबांचं. पण झटका आला, वाचा गेली, उजवा हात गेला, तेव्हापासून शिक्का थोरल्या सुनेच्या, सूचेनच्या ताब्यात. साल्बिया अकोंगच्या चाकाच्या खुर्चीशी उभी राहून त्या कागदाकडे बघत होती. म्हाताऱ्याला सांभाळायला आणखी तीन वर्षं इथं राहायचं, की महिनाअखेर समुद्रापलीकडच्या आपल्या मुलखात, आचेला परत जायचं, हे त्या कागदावर ठरणार होतं. तिला कामाला लावणारा एजंट दुपारी तो न्यायला येणार होता.

नेमका तेव्हाच भावाभावांचा वाद पेटला. पेटणारच. धाकटा बोवेन वर्षातून एकदा, थडगी झाडायच्या सणाला, ताइपेहून आमच्या किनमेन बेटावर येतो आणि येताना वर्षभराचं भांडण घेऊन येतो. सकाळी तीन जुन्या थडग्यांवर रंगीत कागद ठेवून दगड दाबतानाही दोघांचं तेच चाललं होतं. अकोंगची आई, भाऊ आणि धाकटी बहीण. तिन्ही दगडांवर तारीख एकच, चीननं बेटावर तोफांचा मारा केला त्या चव्वेचाळीस दिवसांतली.

"एकदाचं जाहीर करून टाकायचं, आम्ही वेगळा देश!" आता जेवणाच्या टेबलावर सणाच्या पोळीत भाजी भरत बोवेन म्हणाला.

"ताइपेत बसून कर जाहीर. गोळे इथं पडतील," थोरला छिंगशान म्हणाला. "गच्चीवर उभं राहिलं की चीन दिसतो आम्हाला."

"म्हणून घाबरतोस होय, दादा?"

"हो, घाबरतो. तू पहिल्या विमानानं पळशील. मी कुठं जाऊ?"

"देशाचं राहू दे हो," सूचेन म्हणाली. "आधी घरातलं बघा. हिचा टोप वेगळा, ताटली वेगळी. सणाची पोळीसुद्धा खाल्ली नाही हिनं."

"त्यात डुकराचं मटण आहे, मॅडम," साल्बिया हळूच म्हणाली.

"बघा!" सूचेननं मोबाईलवर परक्यांत मिसळू नका अशा अर्थाची कुठलीशी ओळ शोधून खणखणीत आवाजात वाचली. "हिच्या कुराणात आहे म्हणे असं. काय गं, खरं का?"

"मला अर्थ येत नाही, मॅडम. पाठ आहे फक्त."

"वहिनी, तू रोज देव्हाऱ्यापुढं सूत्र पुटपुटतेस, त्याचा अर्थ सांग बघू," बोवेन हसला.

"ते वेगळं," सूचेन फणकारली.

बोवेन साल्बियाकडे वळला. "तुमच्या आचेतपण वेगळ्या देशासाठी तीस वर्षं लढले ना? जिंकलं कोण शेवटी? सांग दादाला."

दोघे भाऊ तिच्याकडे बघू लागले. आम्ही जिंकलो म्हटलं तर बोवेन खूश, सरकार जिंकलं म्हटलं तर छिंगशान. एवढं तिला कळत होतं, आणि शिक्का अजून टेबलावरच होता. तिनं अकोंगचं तोंड पुसलं.

"समुद्र," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बंडवाले डोंगरात होते, सैन्य गावात. मग लाट आली. दोन्हीकडची माणसं नेली. तहावर सह्या त्यानंतर झाल्या."

"तुझ्या घरचे गेले का कोणी?"

साल्बियानं एक हात अकोंगच्या खांद्यावर ठेवला. दुसऱ्या हाताची चार बोटं वर केली.

मग छिंगशाननं घसा खाकरला. "वाईट झालं. फार वाईट. पण मी म्हणतो, इथं राहायचं तर इथल्यासारखं राहावं. माणसानं मिसळावं."

बोवेन वेगळ्या देशाचा एवढा कैवारी, तो निदान एका वेगळ्या टोपाची तरी बाजू घेईल, असं कुणालाही वाटलं असतं.

"हे मात्र दादाचं बरोबर आहे," बोवेन म्हणाला. "उद्या आपला देश व्हायचा, तर त्यातली माणसं आपल्यासारखी नकोत?"

कित्येक वर्षांत भावांचं एकमत झालं ते हे असं. लाज वाटावी असं.

"एजंटला व्हिएतनामची मागू या. त्या सगळं खातात," सूचेन म्हणाली. तिनं शिक्का फडक्यानं पुसला, शाईची डबी बंद केली आणि दोन्ही घेऊन ती कपाटाकडे गेली. कागद तसाच बिनशिक्क्याचा राहिला.

साल्बियाचा हात अजून अकोंगच्या खांद्यावरच होता. अकोंगनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा डावा हात मांडीवरून हळूहळू उचलला गेला. तिनं मघाशी चार धरली होती, तशी त्यांनी तिच्यापुढं तीन बोटं धरली.

साल्बियानं समजून मान हलवली.

कपाट लावून सूचेन वळली, तेव्हा तो हात अजून वरच होता.

"अगं बाई, बाबांना अजून तीन हव्यात! आज भूक लागली बघा." ती लगबगीनं बसली. एकेक पोळी पसरून तिनं भाजी भरली, पांढऱ्या पातळ पोळ्या दोन्ही बाजूंनी दुमडून घट्ट गुंडाळल्या, आणि तिन्ही अकोंगपुढं ओळीनं ठेवल्या.